हुग्गीच्या डोळ्याचं माझं ऑपरेशन

एका सकाळी आमच्या कुत्रीच्या डाव्या डोळ्यातून दुसरा एक डोळा बाहेर आला. हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिलं. त्यात कमी करण्यासारखं काही नाही.

माझी बायको उमादेवी अंगणात सडा टाकत होती. गॅस संपल्यावर ती ज्या आवाजात मला हाक मारते, त्याच आवाजात तिनं हाक मारली. मी दात घासत बाहेर आलो. हुग्गी शेपूट हलवत उभी होती. तिच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पिकल्या बोराएवढं लालबुंद, ओलं, चकचकीत काहीतरी येऊन बसलं होतं. तिला त्याची काही खबर दिसत नव्हती. मी तोंडातली पेस्ट गिळली.

गव्हाच्या खिरीला आमच्या हळ्ळीखेडात हुग्गी म्हणतात. कुत्रीचा रंग तोच, म्हणून नाव तेच. जात कॉकर, कान असे लांब की चालताना अर्धं अंगण तीच झाडते. ती आमच्या घरी कशी आली हा वेगळा दावा आहे, तो इथं चालवत नाही. मी कोर्टात शिरस्तेदार होतो. साहेबांच्या समोर बसून आयुष्यभर लोकांच्या फायली आणि शपथा सांभाळल्या. त्यामुळे मुद्द्याबाहेर जाण्याची मला सवय नाही. हे आपलं सहज सांगितलं.

आमच्याकडं दुखणं घरातल्या माणसाला कळायच्या आधी गल्लीला कळतं. समोरच्या किराणा दुकानातून हावगेप्पा आला, मागच्या घरातून तानाजी आला. तानाजीची शेती आहे, बैल आहेत. म्हणजे डोळ्यांच्या बाबतीत तो तज्ज्ञ. त्यानं हुग्गीचं तोंड वर केलं आणि निकाल दिला.

"अण्णा, हे फूल हाय. बैलाच्या डोळ्यात पडतंय तसलं. तंबाखू चावायची आन् एका दमात फुंकायची. उद्या दिसणार न्हाई."

मी विचारलं, काय दिसणार नाही, फूल की कुत्रीला? तोवर त्यानं चंची सोडलीसुद्धा होती. उमादेवी हुग्गी आणि तंबाखू यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

हावगेप्पाचा तंबाखूवर विश्वास नव्हता. मुडबीला एक म्हातारा आहे, तापल्या सळईनं कानामागं डाग देतो आणि डोळा साफ होतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या स्वतःच्या म्हशीचा झाला होता. ती म्हैस आता कुठं आहे, असं मी विचारलं. "मेली," हावगेप्पा म्हणाला, "पर डोळा चांगला झाल्यावर." मग त्यानं आवाज खाली आणून, कुत्रीला अंडं-बिंडं तर घालत नाही ना, अशी चौकशी केली. आमच्या घरात अंडं येत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. ते खरंच होतं. हुग्गी ते तानाजीच्या घरी जाऊन खाते.

शेवटी गावातल्या सरकारी डॉक्टरांना दाखवलं. भले गृहस्थ. त्यांनी तंबाखूही नको म्हटलं, डागही नको म्हटलं. ही गाठ आहे, जागेवरून सरकलेली, कलबुर्गीला डोळ्याचं काम करणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, उशीर करू नका, असं सांगितलं. निघताना ते मला म्हणाले, "खर्चाची तयारी ठेवा." मी हसलो. कुत्र्याच्या डोळ्याला असा किती खर्च येणार? चष्मा तर लावणार नाहीत.

कलबुर्गीला बसनं गेलो. कंडक्टरनं कुत्रीचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, मांडीवर बसेल. तो म्हणाला, मांडीवर बसणाऱ्यालाही तिकीट आहे, नियम आहे. मी नियमाचा माणूस. तिकीट घेतलं आणि तिकीट घेतलंय म्हणून हुग्गीला शेजारच्या सीटवर बसवलं. पुढच्या थांब्यावर एक बाई चढल्या आणि त्या सीटकडं बघत उभ्या राहिल्या. कंडक्टर मला म्हणाला, कुत्रं उचला. मी म्हटलं, तिकीटधारक प्रवाशाला कोणत्या नियमानं उठवता ते दाखवा. बस बाजूला घेण्यात आली. फोनवरून वरच्या अधिकाऱ्याचं मत मागवण्यात आलं. बसमध्ये दोन तट पडले. एक तट माझ्या बाजूचा होता, त्यात मी आणि हुग्गी. अखेर त्या बाई हुग्गीच्या सीटवर बसल्या, हुग्गी त्यांच्या मांडीवर बसली आणि मी उभा राहिलो. हा तोडगा कसा निघाला ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर हेमावती यांनी हुग्गीला टेबलावर घेतलं, डोळा पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या की ह्याला चेरी आय म्हणतात. आमच्याकडं चेरी म्हणजे बेकरीतल्या बनपावावर लावलेला, रंगात बुडवलेला करवंदाचा तुकडा. तरी मी मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं की कुत्र्याला प्रत्येक डोळ्यात तिसरी पापणी असते. मला जोराचा धक्का बसला. इतकी वर्षं हे जनावर तिसरी पापणी घेऊन माझ्या घरात हिंडत होतं आणि मला पत्ता नव्हता. त्या पापणीच्या मुळाशी अश्रूंची गाठ असते, ती सुटून वर आली होती.

आता उपाय. ते तीन होते, आणि डॉक्टरीणबाईंनी ते असे सांगितले जसे वकील तडजोडीचे मार्ग सांगतो, म्हणजे शेवटी कुठला घ्यावा लागणार ते आधीच ठरवून. पहिला, थेंब टाकायचे आणि बोटानं हलकेच गाठ आत सारायची. काही शेकड्यांत भागतं, पण बहुतेक वेळा ती पुन्हा वर येते. दुसरा, गाठ कापून काढायची. पाचएक हजार. मी लगेच दुसऱ्याच्या बाजूनं झालो. तेव्हा त्या म्हणाल्या की डोळ्यातलं बरंचसं पाणी ही गाठ करते. ती गेली की डोळा कोरडा पडू शकतो, मग जन्मभर थेंब आणि तरी नजर जाण्याची भीती. तिसरा उपाय म्हणजे गाठ न कापता आतल्या आत खिसा करून त्यात बसवायची आणि वरून टाके. भूल, रक्ताची तपासणी, औषधं, गळ्यातला नरसाळ्यासारखा पट्टा, सगळं धरून चौदा हजार.

मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसलो.

माझं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झालं होतं, आणि तेव्हाही रिक्षाचे पैसे जास्त झाले म्हणून मी घरात कुरकुर केली होती. बाहेर जाऊन उमादेवीला फोन लावला. दुसरा उपायही तसा वाईट नाही, अशा सुरात मी सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, "कापून आणायची असंल तर तुम्हीबी तिकडंच ऱ्हावा." आणि फोन ठेवला. आमच्या घरात अपिलाची सोय नाही. मी ऑपरेशनचा दिवस घेऊन आलो.

आता माझी अडचण समजून घ्या. हावगेप्पाच्या दुकानाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणारा काटकसरीचा प्रवक्ता मीच. महिनाभरापूर्वीच तानाजीनं नातवाच्या वाढदिवसाला मोठा केक आणला, तेव्हा साध्या राहणीवर मी कट्ट्यावर इतका वेळ बोललो होतो की दोन गिऱ्हाइकं साखर न घेताच गेली. आता त्याच कट्ट्यावर जाऊन कुत्रीच्या पापणीला चौदा हजार, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हावगेप्पानं विचारलंच. "शिरस्तेदारसाहेब, उद्या जीप सांगितली म्हणं. कामून?"

"कलबुर्गीला. डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"किती सांगितलं?"

"चौदा हजार."

आणि मी चष्मा काढून पुसला. ह्यात एकही शब्द खोटा नाही, हे कृपया नोंदवून घ्यावं. चष्मा माझाच होता आणि तो खरोखर धुरकटला होता. पण चौदा हजार ह्या आकड्याशेजारी कुत्रं हा शब्द आमच्या गावात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं. हावगेप्पानं तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला स्वतःचीच दया आली.

दुसऱ्या दिवशी उमादेवीला सोबत घेऊन गेलो आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं. थेंब दिवसातून तीनदा, न चुकता. गोळी रोज. पट्टा काढायचा नाही. डोळा सुजला किंवा तिनं घासला तर टाके तुटतील, गाठ पुन्हा वर येईल, आणि दर खेपेला ती नीट बसेलच असं नाही. मग कापण्यावाचून मार्ग उरणार नाही. मी म्हटलं, माझ्याकडून चूक होणार नाही.

संध्याकाळी जीप गल्लीत वळली आणि मला दिसलं की आमच्या दारात खुर्च्या मांडल्या आहेत.

आमच्या भागात दुखणाइताला बघायला जाणं ही हौस नसते, हजेरी असते. जो येत नाही त्याची नोंद राहते आणि पुढच्या लग्नात ती निघते. हावगेप्पानं सगळ्यांना कळवलं होतं. एवढंच नाही, त्यानं करजगीला माझ्या थोरल्या बहिणीला, सावित्रम्माक्काला, फोन केला होता. ती अफझलपूरहून बस बदलत, गाठोडं घेऊन माझ्या आधी माझ्या घरी पोचली होती.

जीपमधून उतरायला मला क्षणभराचा अवधी होता. त्या क्षणात सरळ माणसानं खरं सांगितलं असतं. मी डावा डोळा मिटला.

अक्कानं माझा हात धरून मला आत नेलं. मागून उमादेवी हुग्गीला उचलून आली, तेव्हा त्या नरसाळ्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. कुत्र्याच्या गळ्यात हे काय, असं तानाजीनं विचारलं. उमादेवीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. ती नजर मी उजव्या डोळ्यानं पाहिली आणि डावाही त्यामुळे उघडायच्या बेतात होता. मग ती म्हणाली, "ह्यांचा डोळा चाटू न्हाई म्हणून डॉक्टरनं घाला म्हटलंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शहरातल्या डॉक्टरांचा काय बारकावा असतो, असं कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हावगेप्पा माझ्याकडं टक लावून बघत होता. "साहेब, काल डावा मिटला होता की."

मी उजवा मिटून बसलो होतो. "दोन्ही केलेत," मी म्हणालो आणि दोन्ही मिटले.

तेव्हापासून मी माझ्याच घरात आंधळा झालो. मला हाताला धरून न्हाणीपर्यंत नेत, हाताला धरून परत आणत. अक्काचं पथ्य सुरू झालं. डोक्यावरून पाणी नाही, तिखट नाही, वाकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. हसण्याची शक्यता नव्हती, कारण बघायला येणारा प्रत्येक जण असल्याच ऑपरेशननंतर डोळा गेलेल्या आपल्या एका नातेवाइकाची हकीकत सांगत होता. मी मिटल्या डोळ्यांनी त्या सगळ्या साक्षी ऐकून घेतल्या. पलीकडं हुग्गी आपल्या नरसाळ्यासह दाराच्या चौकटीला, पिंपाला, खुर्चीला धडका देत हिंडत असे. कधी कधी आम्ही दोघं एकमेकांना धडकत असू.

पण खरी भानगड औषधांची झाली. अक्का घरात शिरली त्याच संध्याकाळी तिनं औषधाची पिशवी ताब्यात घेतली आणि कमरेला खोचली. दुखणं भावाचं, तर औषध बहिणीच्या हातानं, हा तिचा कायदा. दिवसातून तीनदा ती माझी हनुवटी वर करी आणि हुग्गीचे थेंब माझ्या मिटल्या डोळ्यांवर सोडी. ते गालावरून ओघळून सदऱ्यात जात. "डोळा उघड की रे राजा," ती म्हणे. आग होते, असं मी सांगे. औषध लागू पडायलंय, असं ती जमलेल्या मंडळींना सांगे.

गोळीचं तर सांगू नये. डॉक्टरीणबाईंनी ती देताना मुद्दाम म्हटलं होतं की चिकनच्या चवीची आहे, कुत्री आवडीनं खाईल. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मांसाला शिवलेलं नाही. अक्का अंघोळ करून, विभूती लावून, तीच गोळी गुळाच्या खड्यात घालून माझ्यासमोर उभी राहिली. गिळल्याशिवाय ती हलत नसे. मी गिळली. ती नीट गिळली गेली की नाही ते बघायला तिनं मला तोंड उघडायला लावलं. त्या दिवशी पूजेला बसण्याआधी मी तीनदा चूळ भरली. चव वाईट नव्हती, हे त्यातलं सर्वांत भयंकर.

उमादेवी थेंबांची बाटली चोरायच्या खटपटीत होती, पण अक्का झोपतानासुद्धा पिशवी उशाखाली घेई. गावातल्या औषधाच्या दुकानात तसले थेंब नव्हते. एकदा अक्का अंघोळीला गेली तेवढ्यात हुग्गीच्या डोळ्यात दोन थेंब पडले, तेवढेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या बाजेवर मिटल्या डोळ्यांनी बसलो होतो, तेव्हा भिंतीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. हुग्गी नरसाळ्याची कड भिंतीला लावून डोळा घासायला बघत होती.

उमादेवी माझ्या कानाशी आली. "सुजलाय. तांबडा झालाय. तुमची इज्जत ऱ्हाईल, तिचा डोळा जाईल. काय ते ठरवा." आणि चहा ठेवायला आत गेली.

मी ठरवायचं म्हणजे काय? पडवीत हावगेप्पा होता, तानाजी होता, आणखी चार-पाच माणसं होती. माझ्यासमोर अक्का पिशवी सोडत उभी होती. मनात मी तिघांची तुलना केली. केक आणणारा तानाजी, म्हशीचा डोळा बरा करणारा हावगेप्पा, आणि मी. त्यात मी फार वर येत नव्हतो. अक्कानं माझी हनुवटी धरली. खर्र, असा आवाज आला.

मी दोन्ही डोळे उघडले. अक्का दचकून मागं सरली. मी तिच्या हातातली बाटली घेतली, चालत जाऊन, वाकून, खाली मांडी घालून बसलो, हुग्गीला जवळ ओढलं आणि तिच्या डाव्या डोळ्यात थेंब सोडले. तिनं मान झटकली, म्हणून दोन तिच्या नाकावर गेले. मग मी जमिनीकडं बघत सांगितलं, "ऑपरेशन हिचं झालंय. माझं काही झालेलं नाही."

आत उमादेवीचा चहा उतू गेला.

पहिला बोलला हावगेप्पा. अगदी हळू बोलला, जसं मयताच्या घरी बोलतात. "चौदा हजार? कुत्र्याला?"

"व्हय," मी म्हणालो.

तानाजीनं फक्त विचारलं की आता तरी केकबद्दल माझं काय मत आहे. मी मत राखून ठेवलं. मंडळी एकेक करून उठली. जाताना कुणी आणलेली मोसंबी परत नेली नाहीत, ही त्यांची सभ्यता. फक्त हावगेप्पानं दारातून वळून एकदा हुग्गीकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं, दोघांतलं जास्त आजारी कोण ते ठरवत असल्यासारखं.

अक्का गाठोडं बांधायला लागली. "मी करजगीहून तीन बस बदलून कुत्र्याच्या डोळ्यासाठी आले," ती गाठोड्याला सांगत होती. "नातेवाइकांत सांगून आले. शेंगाच्या पोळ्या करून आणल्या." बचावाला काही नव्हतं. तेवढ्यात हुग्गी पुन्हा भिंतीकडं निघाली. अक्कानं गाठोडं सोडलं, तिला नरसाळ्यासकट मांडीत दाबून धरलं आणि माझ्यावर ओरडली, "नाकावर टाकतास व्हय औषध? आण हिकडं." माझ्या मिटल्या डोळ्यांवर थेंब टाकणाऱ्या त्याच हातानं तिनं पापणी अशी ओढली की थेंब बरोबर आत गेला. हुग्गी चावायची विसरली. अक्का आणखी आठवडाभर राहिली. माझ्याशी बोलली नाही, पण हुग्गीशी कानडीत बराच वेळ बोलायची, आणि त्यात माझं नाव वारंवार यायचं.

सूज उतरली. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टाके धरलेत असं सांगितलं. त्यांनी विचारलं की थेंब वेळेवर पडले ना. उमादेवी म्हणाली, पडले, पण सगळे तिच्याच डोळ्यात न्हाईत.

मी पुन्हा कट्ट्यावर जाऊ लागलो. काटकसरीवर बोलत नसे. गाव हळूहळू दुसऱ्या विषयाकडं वळलं, आणि मला वाटू लागलं की माझी थोडीफार इभ्रत, धुऊन वाळवून का होईना, परत मिळेल.

मग एका सकाळी उमादेवीनं अंगणातून पुन्हा त्याच आवाजात हाक मारली. मी दात घासतच बाहेर गेलो. हुग्गी शेपूट हलवत उभी होती. डावा डोळा स्वच्छ होता. उजव्या डोळ्यात लालबुंद, ओलं, चकचकीत बोर.

ह्या खेपेला मी एक क्षणही घालवला नाही. तोंड पुसलं, चष्मा घरीच ठेवला आणि सरळ हावगेप्पाच्या दुकानात जाऊन, कुणी विचारायच्या आधी, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "हुग्गीचा उजवा डोळा. पुन्हा तेच ऑपरेशन. पुन्हा चौदा हजार. कलबुर्गी. माझं नाही, कुत्रीचं."

हावगेप्पानं डाळ मोजता मोजता हात थांबवला. मग गल्ल्यामागून उठून येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एकदा कुत्र्यावर चौदा हजार घालतंय माणूस, चुकीनं. दोनदा कोण घालतंय, साहेब?" तो हळूच म्हणाला. "काय झालंय तुम्हाला? हृदयाचं हाय व्हय?"

मी शपथ घेतो म्हणालो. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून शपथा घेतल्या होत्या, स्वतः पहिल्यांदाच घ्यायला निघालो, आणि ती नाकारण्यात आली. दुपारपर्यंत आमच्या दारात खुर्च्या मांडल्या गेल्या. अक्का करजगीहून निघाल्याचा फोन आला. तानाजी येऊन माझ्या उशाशी बसला आणि म्हणाला की मी त्या केकबद्दल जे बोललो होतो ते त्यानं मनावर घेतलेलं नाही, मी सुखानं जावं.

मी पडवीत बसून राहिलो. हुग्गी पाहुण्यांमध्ये फिरत होती. एकेकापाशी थांबून, तोंड वर करून ती आपला लाल डोळा दाखवत होती. प्रत्येक जण तिला पायानं हलकेच बाजूला सारून पुढं येत होता आणि माझा हात हातात घेत होता.